अक्कांच्या कार्डावरचा दुसरा मुलगा

अक्कांनी सरकारी माणसाला उभ्या आयुष्यात सरळ उत्तर दिलं नाही. खोटं बोलायची त्यांना हौस होती असं नाही. गल्लीत, देवळात, नात्यागोत्यात त्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. पण समोर रजिस्टर आणि पेन घेतलेला माणूस आला, की त्यांच्या डोक्यात एकच हिशेब सुरू व्हायचा: काय सांगितलं तर समोरच्या गरजूचं काम होईल? तेच त्या सांगायच्या. रेल्वेच्या सवलतीसाठी त्या बावन्नाव्या वर्षीच साठीच्या झाल्या होत्या. सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ एकच जवळचं माणूस बसू देतात, म्हणून गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींच्या त्या सख्ख्या आई आणि उरलेल्यांच्या सख्ख्या सासू. एकदा एका नर्सने त्यांना ओळखलं. "मावशी, मागच्याच महिन्यात तुमची लेक बाळंत झाली होती ना?" अक्का जराही न गडबडता म्हणाल्या, "मला लेकी लई हायत, बाई."

हे मी पंचवीस वर्षं पाहिलं. आधी गंमत वाटायची, मग लाज वाटायला लागली, आणि शेवटी शेवटी डोकं फिरायचं. कारण मधल्या काळात मी स्वतःच रजिस्टर आणि पेनवाला माणूस झालो होतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. दिवसभर मी पोरांना सांगत असतो, हा दाखला चालत नाही, ह्यावर शिक्का नाही, उद्या या. आमच्या घराण्यात कॉलेजात शिकलेला मी पहिला. हे मी लाजत सांगत नाही, आणि कुणी ऐकून घेत असेल तर दोनदा सांगतो. माझा कागदावर विश्वास आहे, कारण कागदानेच मला वर काढलं. अक्कांचं मत बरोब्बर उलटं. "कागदाला काय कळतंय, लेका?" हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्या हातातल्या फाईलकडे अशा बघायच्या, की जणू मी बाजारातून किडकी वांगी आणली आहेत.

माझे वडील दुधनीच्या मार्केट यार्डात हमाल होते. अक्कांचे यजमान, ज्यांना सगळे 'मालक' म्हणायचे पण जे प्रत्यक्षात दुसऱ्याच्या आडत दुकानात दिवाणजी होते, ते आधी दुधनीला होते आणि नंतर सोलापूरच्या यार्डात आले. तेवढ्या ओळखीवर वडिलांनी मला दहावीनंतर त्यांच्या दारात आणून उभं केलं. वळकटी माझ्या डोक्यावर, शेंगांचं गाठोडं त्यांच्या. "पोरगं हुशार हाय," वडील म्हणाले, "कुटंतरी स्वस्तातली खोली बघून द्या." अक्का आतूनच मालकांशी कानडीत काहीतरी बोलल्या. मला कानडी कळतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "खोली कशाला? आपला विशू एकटाच तर झोपतो."

विशू म्हणजे विश्वनाथ, त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्याने माझ्याकडून गणितं सोडवून घेतली आणि मला दादा म्हणायला लागला. मी त्या घरात सात वर्षं राहिलो.

रेशन कार्डाची गोष्ट पहिल्याच वर्षीची. त्या काळी रेशन कार्ड म्हणजे माणूस जिवंत असल्याचा पुरावा. फीसवलतीच्या फॉर्मला तेच, बँकेत खातं काढायला तेच, आणि पत्ता सोलापूरचा हवा. माझं नाव दुधनीच्या कार्डावर. रेशन ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं, आधी गावाकडच्या कार्डावरनं नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग इथं लावू. वडील चार दिवसांत दाखला घेऊन आले. मी, मालक आणि अक्का तिघं ऑफिसात गेलो. रांग मोठी होती. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नातं काय लावू?"

मालक सरळ माणूस. ते म्हणाले, "आमच्या ओळखीच्यांचा मुलगा आहे, शिकायला…"

"मग 'इतर' लिहितो."

"इतर?" अक्का मागून पुढे आल्या. "इतर म्हणजे काय, भांडं का काय? मुलगा लाव की."

"बाई, तुमचा मुलगा तर वर आहे ना, विश्वनाथ?"

"हा मल्लिनाथ. नावाला नाव जुळतंय बघ."

मागचे लोक ओरडायला लागले होते. कारकुनाने 'मुलगा' लिहून शिक्का मारला. बाहेर आल्यावर मालक घाबरून म्हणाले, "अगं, सरकारी कागद आहे तो." अक्का म्हणाल्या, "दोन वेळा जेवायला माझ्याकडं बसतो. कागदाला काय कळतंय?"

त्या कार्डावर मी बी.कॉम. झालो. विशू इंजिनियर झाला, पुण्यात लागला, मग कॅनडात गेला आणि तिथेच स्थिरावला. मालक गेले. माझं लग्न झालं, मी अक्कांपासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं. अक्का त्यांच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. विशू दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. पडद्यावर त्याची मुलगी अन्वी आजीला कानडीत वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवायची आणि मग विचारायची, "आज्जी, तू कधी येणार?" अक्का म्हणायच्या, "निघाले की. चप्पल घालते." पोरगी ते खरं मानायची आणि पुढच्या रविवारी चिडायची.

विशूने त्यांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. आईवडिलांना असं बोलवायचं, म्हणजे मुलाने तिथे आपली कमाई दाखवायची, मग नावांची सोडत निघते, सोडतीत नाव आलं तर अर्ज करायचा आणि मग वाट बघायची. विशूचं नाव तिसऱ्या वर्षी निघालं. तिकडचे फॉर्म त्याने भरले. इकडचे कागद जमवायचे काम माझ्याकडे आलं. माझ्याइतकं ते कुणाला जमलं असतं?

अक्कांना जायचं होतं, हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणालाही वाटेल, त्यांना जायचंच नव्हतं. थंडीत रस्त्याकडेला बसणाऱ्या स्वेटरवाल्यांकडून त्यांनी एक जाड लोकरी कोट आणला होता. एप्रिलमध्ये, आमच्या सोलापूरच्या एप्रिलमध्ये, मी एकदा दुपारी त्यांच्याकडे गेलो तर त्या तो कोट घालून, कानटोपी बांधून, पंखा बंद करून खुर्चीवर बसलेल्या. चेहरा घामाने निथळत होता. "काय चाललंय?" मी विचारलं. म्हणाल्या, "सवय करून घेतेय. तितं गेल्यावर एकदम जड वाटायला नको."

पण त्यांच्याबरोबर कागद जमवणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याची तारीख मिळाली, मी रजा टाकली, गाडी ठरवली. सकाळी त्यांच्या दारात गेलो तर बाई बादल्या मांडून बसलेल्या. त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं.

"अक्का, आज पुण्याला जायचंय!"

"आज पाण्याचा दिवस हाय."

"माझी बायको भरेल पाणी. चला."

"तिच्या घरचं पाणी कोण भरंल? तुझा कॅनडा कुटं पळून जात नाही. पाणी गेलं की पाच दिवस गेलं."

ती तारीख गेली. दुसरी मिळायला एक महिना. जन्मतारीख विचारावी तर त्या म्हणायच्या, "तुला कोणती पायजे?" आधार कार्डावर एक, बँकेत दुसरी, मतदार यादीत तिसरी. मी रागाने म्हटलं, "खरी कोणती?" त्या खरंच विचारात पडल्या. "आमच्या काकांच्या म्हशीला रेडकू झालं त्याच आठवड्यात," म्हणाल्या. ते मी कुठे लिहिणार होतो?

आता माझी चूक सांगतो. विशूचा जन्म घरी झालेला. जन्मदाखला बऱ्याच वर्षांनी काढलेला. आई-मुलाच्या नात्याचा आणखी पुरावा जोडलेला बरा, असं मला वाटलं. कुणी मागितला नव्हता. पण आमच्या खात्यात जो कागद मागतात त्याच्याबरोबर न मागितलेले चार जोडायची पद्धत आहे. फाईल जाड असली की साहेबाला बरं वाटतं. मी अक्कांचं जुनं रेशन कार्ड घेतलं, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला आणि जोडून दिलं. त्यावर विशूच्या नावाखाली माझं नाव होतं, आणि नावासमोर 'मुलगा'. मी ती नोंद वीसपंचवीस वर्षं पाहत आलो होतो. त्यामुळे त्या दिवशी ती मला दिसलीच नाही. जो माणूस दिवसात पन्नास फॉर्म चुका काढून परत करतो, त्याला आपलंच नाव दिसलं नाही.

नऊ महिन्यांनी पत्र आलं. मजकूर सभ्य होता. तुम्ही अर्जात एकच मुलगा लिहिला आहे. तुम्हीच जोडलेल्या कागदात दोन दिसतात. सोबत येणारी असोत वा न येणारी, सगळी मुलं अर्जात लिहिणं बंधनकारक आहे. तीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर माहिती लपवली असं धरलं जाईल.

विशूने तिथल्या वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, तीन प्रतिज्ञापत्रं पाठवा. एक मल्लिनाथचं, की मी या बाईंचा मुलगा नाही. एक त्याला जन्म देणाऱ्या आईचं, की तो माझा आहे. आणि एक अर्जदार बाईंचं, की तो माझा नाही, मी त्याला दत्तकही घेतलेलं नाही. एवढं केलं की प्रश्न मिटेल.

माझं प्रतिज्ञापत्र मी ऑफिसात बसून दहा मिनिटांत लिहिलं. खरं सांगायचं तर मजकूर चांगला जमला म्हणून थोडा खूशही होतो. संध्याकाळी अक्कांकडे गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना मराठीतून वाचून दाखवलं: सदर बाई माझ्या आई नाहीत, त्यांनी मला जन्म दिलेला नाही, दत्तक घेतलेलं नाही, शिक्षणाच्या सोयीसाठी मी काही काळ त्यांच्या घरी राहत होतो, याव्यतिरिक्त आमचा कोणताही नातेसंबंध नाही.

"शेवटचं परत वाच," अक्का म्हणाल्या.

"याव्यतिरिक्त आमचा कोणताही नातेसंबंध नाही."

"सोयीसाठी राहत होतास होय?"

"अक्का, कायद्याची भाषा असते ती."

"चांगली हाय की. लई चांगलं लिहिलास. शिकलास ते कामाला आलं."

मला ते लागलं, पण घाई होती. मी त्यांचा कागद पुढे केला. "हा तुमचा. इथं सही करा." त्या कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, सही कानडीत करायच्या, आणि मी पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर न विचारता करायच्या. त्या दिवशी त्यांनी ज्वारीचं सूप मांडीवर ओढून घेतलं.

"मी नाही करत."

"का?"

"खोटं हाय ते."

मी हसलोच. "तुम्ही? तुम्ही मला खोटं शिकवताय? बावन्नाव्या वर्षी साठीच्या झालात! साऱ्या गल्लीची आई झालात!"

"ते कुणाच्या तरी कामासाठी बोलले. कुणाला तोडायला नाही बोलले."

"हे तुमच्याच कामासाठी आहे! तुमच्या नातीकडे जायचंय ना?"

"जायचंय की. म्हणून तुला नाही म्हणू? म्हातारपणी असलं खोटं बोलायला लावतोस, लाज वाटत नाही?"

"मी तुमच्या पोटचा नाही, अक्का. हे खरं आहे. कागदावर खरंच लिहायचंय."

"पोटचं कोण विचारतंय? मुलगा का, असं विचारतायत ना?"

माणूस अडाणी असला तर समजावता येतं. अक्का अडाणी नव्हत्या, हाच त्रास होता.

तीस दिवसांतले सतरा असेच गेले. मी चिडून बोललो, गोड बोललो, बायकोला पाठवलं. विशूने पडद्यावरून हात जोडले. "अव्वा, एक सही आहे गं." अन्वीलाही पुढे आणलं. अक्का तिच्याशी हसून बोलायच्या आणि सहीचा विषय आला की फोन माझ्या हातात द्यायच्या. शेवटी विशू माझ्यावर घसरला. "दादा, तुझं नाव आमच्या कार्डावर लावलं म्हणून माझी आई माझ्याकडं येऊ शकत नाही." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणून ते जास्त झोंबलं. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "गॅसचा फॉर्म आहे म्हणून सही घे ना. तू दिलेला कागद ती बघत नाही." मी दोनदा तो कागद गॅसच्या फॉर्मखाली ठेवला आणि दोनदा काढून घेतला. प्रामाणिकपणा वगैरे नव्हे. पुढे कळल्यावर त्या मला काय म्हणतील, ह्याची भीती वाटली.

अठराव्या दिवशी माझी आई दुधनीहून आली. तिच्या प्रतिज्ञापत्राचं काम होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई माझ्या थोरल्या बहिणीजवळ राहते. मी तिला घेऊन कोर्टासमोरच्या नोटरीकडे गेलो. अंगठा उठवायच्या आधी तिने विचारलं, "काय लिवलंय ह्यात?"

मी भराभर वाचलं. "सदर मल्लिनाथ हा माझ्या पोटी जन्मलेला मुलगा असून मीच त्याची आई आहे."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. मागे लोक खोळंबले होते. तिने अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि म्हणाली, "ह्याची झेराक्स मला दे."

"तुला कशाला? तुला कुठं वाचता येतं?"

"आसू दे की."

मी वैतागून झेरॉक्स काढून दिली. तिने ती चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

तिथून अक्कांकडे गेलो. आई त्यांच्या घरी फार तर आठदहा वेळा आली असेल, आणि दरवेळी दाराजवळच बसायची. अक्कांनी हाताला धरून तिला आत आणलं आणि माझ्यादेखत गाऱ्हाणं सुरू केलं. "बघ लक्ष्मीबाई, ह्याला मी सात वर्षं जेवू घातलं, आणि आता मला लिहून द्यायला लावतोय, हा माझा कुणी नाही म्हणून. तूच सांग ह्याला."

आई फरशीकडे बघत म्हणाली, "अक्का, येक बोलू? राग न्हाय ना येणार?"

"बोल की."

"तुमच्या कार्डावर ह्याचं नाव लावलं, तवा आदी आमच्या कार्डावरनं काढाय लागलं. ह्याच्या बानं काढून आणलं. घरला आल्यावर मला कार्ड दावलं, हितं रेघ मारलीया म्हणून. मला वाचाय येत न्हाय. पर रेघ कळती की."

"साळंच्या दाखल्यावर बापाचंच नाव. कालिजातबी तेच. लोक इच्यारायचे, पोरगं कुटं हाय? म्या सांगायची, सोलापुरात अक्कांकडं. तुमी केलं ते देवानंबी केलं न्हाय, त्यात काय वाद न्हाय. पर कुटल्याबी कागदावर म्या त्याची आई नव्हते. आज पयल्यांदा लिवून मिळालं." तिने कमरेच्या पिशवीतून घडी काढली आणि अक्कांच्या मांडीवर ठेवली. "तुमच्याबी कागदावर तेच लिवलंय म्हणत्यात. ह्यो माजा हाय म्हणून."

मी ऑफिसात 'नाव कमी केल्याचा दाखला' हे शब्द हजारदा उच्चारले असतील. नाव इकडे वाढायचं तर तिकडे कमी व्हायलाच हवं, हा नियम मी पोरांना ऐटीत समजावून सांगतो. तिकडे म्हणजे कुठे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अक्कांनी ती घडी उलगडली. मराठी टाईप त्यांना वाचता येत नव्हता. त्यांनी खालच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. "इतकी वर्षं एकदा तरी बोलायचं की गं."

"काय बोलायचं?" आई म्हणाली. "पोरगं शिकत हुतं."

अक्कांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "आण. कुटं करायची?"

मी जागा दाखवली. कानडी अक्षरं वळवत त्यांनी सावकाश सही केली, इतकी सावकाश, की मला पेन काढून घ्यावंसं वाटलं. सही झाल्यावर त्या आईला म्हणाल्या, "लक्ष्मीबाई, जेवून जायचं." मला म्हणाल्या नाहीत. मी कागद घेऊन आधी नोटरीकडे, मग पोस्टात गेलो. परत आलो तेव्हा दोघींचं जेवण होऊन गेलं होतं, आणि त्या कानडीत कुठल्यातरी लग्नाबद्दल हसत होत्या.

खुलासा मान्य झाला. मग तपासण्या, मग आणखी काही महिने, आणि एके दिवशी मंजुरी आली. विशू त्यांना न्यायला येणार होता. शेवटचा महिना मी त्यांची तयारी करून घेतली, कारण तिथे उतरल्यावर अधिकारी प्रश्न विचारतो, आणि अक्कांची अधिकाऱ्यांशी बोलायची रीत मला माहीत होती. रोज संध्याकाळी मी खुर्ची मांडून अधिकारी व्हायचो.

"नाव?" त्या सांगायच्या.

"वय?" तेही आता एकच सांगायच्या.

"मुलं किती?"

"दोन."

"अक्का!"

"चुकलं की. परत विचार."

मी परत विचारायचो, त्या परत 'दोन' म्हणायच्या आणि हसायच्या. एकदा मी इतका भडकलो की खुर्ची आपटून उठलो. "एका शब्दावर सगळं अडेल, कळतंय का तुम्हाला? तिथं चेष्टा चालत नाही! परत पाठवतील!" त्या दिवसानंतर त्यांनी चेष्टा केली नाही. मी विचारायचो, त्या दाराकडे बघत 'एकच' म्हणायच्या, आणि आम्ही पुढच्या प्रश्नाला जायचो.

निघायच्या दिवशी स्टेशनवर निम्मी गल्ली आली होती. विशू सामान मोजत होता. अक्का खिडकीशी बसल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, इतक्या वर्षांचं. मी खिडकीपाशी गेलो. त्या म्हणाल्या, "महिन्यातनं एकदा दुधनीला जात जा. फोनवर भागवू नकोस. तिच्या पुढ्यात जाऊन बस." मी म्हटलं, "जाईन की." त्या म्हणाल्या, "जाईन नको, जा." गाडी हलली. मला खरंच राग आला. शेवटचे दोन शब्द माझ्यासाठीही असते तर काय बिघडलं असतं? पुढच्या रविवारी मी दुधनीला गेलो, आणि अजून जातो.

त्या पोचल्यावर विशूचा फोन आला. प्रवास बरा झाला, अन्वी आजीला सोडत नाही, सगळं सांगून झाल्यावर मी विमानतळाचं विचारलं.

"कागद बघितले त्यानं, आणि दोनचार प्रश्न विचारले. मी भाषांतर करत होतो. मग म्हणाला, आणखी मुलं आहेत का, जी ह्यात लिहिलेली नाहीत?"

"मग?"

"अव्वानं त्याच्याकडं सरळ बघितलं आणि 'एकच' म्हणाली. स्पष्ट. अडखळली पण नाही. त्यानं शिक्का मारला, हसून वेलकम म्हणाला."

"चांगलं झालं."

"गाडीत मात्र गप्प होती. घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही माझ्याशी."

"दमल्या असतील," मी म्हटलं.

"हो, तसंच असेल."

"बरोबर उत्तर दिलं त्यांनी," मी म्हटलं. ते उत्तर महिनाभर रोज मीच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.